पलीकडच्या काठावर प्रोग्रॅम: ग्राफिकल टूलकिटची आवृत्ती बदलताना

मंडळी, आज आगरदांड्याला येताना तुमच्यापैकी काहीजण दिघीहून फेरीबोटीनं आले असतील. मध्ये राजपुरीची खाडी. फेरीबोट नसती तर म्हसळ्याकडून वळसा घालत यावं लागलं असतं. आजचा विषयसुद्धा एका काठावरून दुसऱ्या काठावर जाण्याचाच आहे, फक्त न्यायचं आहे एका प्रोग्रॅमला. फेरीबोटीत गाडी जशी चढते तशीच पलीकडे उतरते. प्रोग्रॅमचं तसं होत नाही. त्याच्यासाठी पलीकडचा रस्ताच वेगळ्या मापाचा असतो.

एक उदाहरण धरून चालू. समजा, एखाद्या मच्छीमार सोसायटीत डिझेलच्या हिशेबाचा छोटासा प्रोग्रॅम आहे. नौका निवडायची, लिटर लिहायचे, बटण दाबलं की पावती बाहेर. तुम्हाला माहीतच आहे, यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो, आणि तो कागदपत्रांवर अवलंबून असतो. पावती चुकली तर पैसे अडकतात. म्हणजे प्रोग्रॅम छोटा असला तरी त्याच्यावर कुणाचातरी हंगाम उभा आहे.

आता या प्रोग्रॅममधलं बटण कोणी काढलं? प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं नाही. बटण, यादी, लिहायचा रकाना, मेनू, फाइल निवडायची विंडो हे सगळं एका तयार लायब्ररीतून येतं. तिला टूलकिट म्हणतात. लिनक्सच्या जगात दोन मोठी नावं आहेत, क्यूटी आणि जीटीके. पायथनमध्ये लिहिणारे लोक क्यूटी वापरतात ते बहुतेक पायक्यूटीच्या मार्फत.

या टूलकिटांचा एक शब्द असतो. मोठा आकडा तोच आहे तोपर्यंत जुना प्रोग्रॅम चालत राहील. मोठा आकडा बदलला की तो शब्द संपला. क्यूटी ४ आलं २००५ मध्ये, ५ आलं डिसेंबर २०१२ मध्ये, ६ डिसेंबर २०२० मध्ये. जीटीके २ होतं २००२ चं, ३ आलं २०११ मध्ये, ४ पुन्हा २०२० च्या डिसेंबरमध्येच. तुम्ही म्हणाल, चाललेलं कशाला मोडायचं? पण त्यामागे खोडसाळपणा नाही. २००२ मध्ये बोटानं चालवायचा पडदा कुणाच्या टेबलावर होता? चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे गेलं, पडदे दाट झाले, पडदा हाताळणारी लिनक्सची जुनी पद्धतसुद्धा बदलत गेली. जुन्या रचनेत हे बसेना.

मग जुन्यावरच राहिलं तर? काही वर्षं राहता येतं. पण उबंटू २०.०४ मधून क्यूटी ४ च्या लायब्ररी काढून टाकल्या गेल्या. सोसायटीचा जुना संगणक बिघडला, नवा आणला, त्यावर नवी प्रणाली घातली, की डिझेलचा प्रोग्रॅम उघडतच नाही. हे नेमकं कधी होईल ते आपल्या हातात नसतं, म्हणून स्थलांतर आधी करायचं.

आपल्याकडचं उदाहरण पाहा. आयआयटी मुंबईचा फॉसी नावाचा प्रकल्प आहे, मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात यावं म्हणून चालवलेला. त्यांचं ईसिम हे इलेक्ट्रॉनिक सर्किटांचं साधन. त्याच्या जुन्या आवृत्त्या पायथन २ आणि पायक्यूटी ४ वर होत्या, नंतरच्या पायथन ३ आणि पायक्यूटी ५ वर आहेत. म्हणजे भाषाही बदलली आणि टूलकिटही. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला, त्यामुळे त्या काळात जगभर अनेकांच्या डोक्यावर ही दोन ओझी एकदमच आली.

आता प्रत्यक्ष काय मोडतं ते बघू. यात दोन जाती आहेत, ओरडून मोडणारं आणि गप्प मोडणारं.

ओरडून मोडणाऱ्याची मला फारशी भीती वाटत नाही. क्यूटी ५ मध्ये बटणं, रकाने, विंडो हे सगळं ‘क्यूटी गुई’ या भागातून काढून ‘क्यूटी विजेट्स’ या नव्या भागात ठेवलं. जुना प्रोग्रॅम चालवला की पहिल्याच मिनिटाला तो सांगतो, मला बटण सापडत नाही. नावं बदलायची, झालं. याला तयार स्क्रिप्टसुद्धा मिळतात. पायक्यूटी ६ मध्ये पर्यायांची नावं लांबलचक झाली, तेही असंच. कंटाळवाणं काम आहे, पण एक दुपार बसलं की उरकतं.

गप्प मोडणारं बघा. पायक्यूटी ४ मध्ये फाइल निवडायची विंडो उघडली की उत्तर म्हणून फाइलचं नाव मिळायचं. पायक्यूटी ५ मध्ये जोडी मिळते: फाइलचं नाव आणि निवडलेला फाइलप्रकार. जुन्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, ‘नाव मिळालं तर फाइल उघड’. माणसानं ‘रद्द’ दाबलं तर पूर्वी रिकामं नाव यायचं, आणि पायथन रिकाम्याला ‘नाही’ समजतो. आता येते दोन रिकाम्यांची जोडी. दोन्ही डबे रिकामे असले तरी हातात दोन डबे आहेतच ना! पायथन म्हणतो, ‘आहे’. रद्द केलं तरी प्रोग्रॅम पुढे निघाला.

दुसरं. जुन्या पद्धतीत ‘बटण दाबलं की अमुक काम कर’ अशी जोडणी करताना सिग्नलचं नाव अवतरणचिन्हांत लिहायचे. पायक्यूटी ५ नं ती पद्धत पूर्ण काढली, नवी आणली. इथपर्यंत ओरडून मोडणारं. पण नव्या पद्धतीत बटण आपल्याबरोबर एक निरोप पाठवतं: मी दाबून धरलेल्या अवस्थेत आहे की नाही. साध्या बटणाचं उत्तर कायम ‘नाही’. आता आपल्या हिशेबात ‘जतन कर’ या कामाला एक ऐच्छिक सूचना होती, ‘पावती छाप’, आणि न सांगितल्यास ती ‘होय’ धरायची. बटणाचा ‘नाही’ नेमका त्या जागी जाऊन बसतो. नोंद जतन होते, पावती छापली जात नाही, चूक कुठेच दिसत नाही. काउंटरवरचा माणूस प्रिंटरला दोष देत बसतो.

तिसरं, नौकांची यादी. यादीतली निवड बदलली की एकाच नावाचा सिग्नल दोन रूपांत यायचा, एकात निवडलेलं नाव, दुसऱ्यात त्याचा क्रमांक. जुन्या जोडणीत ‘मला नाव हवं’ असं स्पष्ट लिहिलेलं असायचं. घाईत नवी जोडणी केली तर न सांगता क्रमांक मिळतो. पावतीवर नौकेच्या नावाऐवजी ३ येतो. क्यूटी ५ पासून निवडलेला मजकूरच पाठवणारा वेगळा सिग्नल आहे, तोच वापरावा. क्यूटी ६ मध्ये तर जुन्या सिग्नलचं नाव देणारं रूप उरलंच नाही.

आणि मराठीचं एक. पायथन २ वर पायक्यूटी ४ रकान्यातला मजकूर स्वतःच्या वेगळ्या प्रकारात देई. तो साध्या मजकुरात बदलताना इंग्रजी अक्षरं असली तर सुरळीत जाई, देवनागरी आली की चूक. ज्यानं रोमन अक्षरांत नौकेचं नाव टाकून चाचणी केली त्याला ती कधी दिसलीच नसणार. पायथन ३ मध्ये हा त्रास जातो. पण तो टाळण्यासाठी लोकांनी जागोजागी घातलेली ठिगळं तशीच राहतात आणि आता तीच मोडतात. चाचणीत देवनागरी नावं हवीतच, जोडाक्षरांसकट.

आता ज्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात ते. बटणामागच्या कामात चूक झाली तर पायक्यूटी ४ ती कुठेतरी काळ्या विंडोत छापायचं आणि प्रोग्रॅम चालू ठेवायचं. ती काळी विंडो कोण बघतो? पायक्यूटी ५.५ पासून अशी न पकडलेली चूक झाली की प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद पडतो. वापरणारा म्हणतो, जुना बरा होता, हा नवा सारखा मरतो. त्याचं म्हणणं खोटं नाही, त्याच्या डोळ्यांसमोर तेच घडतंय. पण जुना प्रोग्रॅम चुका गिळत होता, आणि अर्धवट झालेल्या नोंदी वहीत जात होत्या. माझं मत विचाराल तर पैशाच्या हिशेबाला मेलेला प्रोग्रॅम परवडतो, खोटी नोंद परवडत नाही. तरी वापरणाऱ्याला तसं सोडू नये. न पकडलेल्या चुकांसाठी स्वतःचा एक सापळा लावता येतो. चूक फाइलमध्ये लिहायची, पडद्यावर मराठीत सांगायचं, मग बंद व्हायचं.

जीटीकेकडे वेगळीच गोष्ट आहे. हे टूलकिट जन्मलंच मुळी गिंप या चित्र संपादकासाठी. नावातला जी गिंपचा. जीटीके ३ आलं २०११ मध्ये, आणि गिंप ३.० त्यावर आलं मार्च २०२५ मध्ये. चौदा वर्षं! तोवर जीटीके ४ ला चार वर्षं होऊन गेली होती. हे आळशी लोकांचं काम नव्हे. गिंपमध्ये चित्र काढण्याचा भाग, स्टायलस, बाहेरून जोडायची प्लगइन हे सगळं जुन्या टूलकिटशी गुंतलेलं होतं, आणि हातं थोडी होती. जीटीके ४ मध्ये तर आणखी खोल बदल आहे. पूर्वी प्रश्न विचारणारी विंडो उघडायची आणि उत्तर येईपर्यंत त्या ओळीवर थांबायचं, अशी सोय होती. ती काढली. आता प्रश्न विचारून पुढे जायचं, उत्तर आलं की वेगळा भाग जागा होतो. इथे नुसती नावं बदलून भागत नाही, विचाराचा क्रमच बदलावा लागतो.

म्हणून माझा आग्रह एका गोष्टीवर आहे. जेवढं स्थलांतर जुन्या काठावर उभं राहून करता येईल तेवढं तिथेच करा. पायक्यूटी ४ पायथन ३ वरही चालायचं. म्हणजे आधी फक्त भाषा बदला, टूलकिट तेच ठेवा. मजकुराचा त्रास तिथेच संपतो. सिग्नलांची नवी पद्धत पायक्यूटी ४ मध्येही आहे, जोडण्या तिथेच बदला, आणि प्रत्येक टप्प्यावर पावती छापून बघा. जीटीकेचं स्वतःचं मार्गदर्शनही हेच सांगतं: आधी जीटीके ३ च्या शेवटच्या आवृत्तीवर या, कालबाह्य ठरलेलं सगळं काढा, मग ४ कडे वळा. आणि लिटर गुणिले दर हा हिशेब बटणाच्या आत लिहिलेला असेल तर तो आधी बाहेर काढा. हिशेबाला टूलकिट माहीत असायचं कारण नाही.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: एकाच प्रोग्रॅममध्ये अर्धं जुनं, अर्धं नवं ठेवता येईल का? नाही. जीटीके २ आणि ३ एका प्रोग्रॅममध्ये एकत्र आले तर ते चालायलाच नकार देतात, आणि क्यूटीच्या दोन आवृत्त्या एकत्र करणंही तितकंच धोक्याचं. पण दोन वेगळे प्रोग्रॅम शेजारी शेजारी मजेत चालतात. जुना संगणक अजून जिवंत आहे तोवर रोजच्या पावत्या दोन्हींकडे घाला, काउंटरवर नेहमी बसणाऱ्या माणसाकडूनच घाला, आणि संध्याकाळी दोन्हींचे कागद समोरासमोर ठेवून ओळीला ओळ लावा. पावसाळ्यातली मासेमारी बंदी ही त्याला बरी वेळ नाही, तेव्हा पावत्याच नसतात. हंगाम सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे घ्या.