तीन मिलिमीटरचं अंतर

नगर जिल्ह्यातल्या लोखंडकामाचा मागोवा घेताना कापण्याची साधनं कशी बदलली, एवढंच सहसा सांगितलं जातं. साधन आणि पत्रा यांच्यातलं अंतर कोण सांभाळत आलं, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. 1950-51 च्या हंगामात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. साखर कारखाना म्हटला की गाळप संपल्यावर दुरुस्ती आलीच, आणि दुरुस्ती म्हणजे पाइप, टाक्या, जाड प्लेटा कापणं. गॅस कटर हातात धरलेला असायचा, त्यामुळे अंतर राहायचं ते कारागिराच्या मनगटात आणि नजरेत. 1972 मध्ये कायनेटिकची लुना मोपेड आली आणि ती बनवताना नगरला एकसारखे हजारो भाग काढण्याची शिस्त लागली. पुढे कापणं संगणकाच्या हाती गेलं, तेव्हा मनगटाची जागा सेन्सरने घेतली. प्लाझ्मात आर्कच्या व्होल्टेजवरून उंची कळते आणि लेसरमध्ये नोझल व पत्रा यांच्यातल्या विद्युतक्षेत्रावरून. त्यामुळे तिथे कापताना पत्र्याला हात लावावा लागत नाही.

पाण्याच्या धारेने कापणाऱ्या वॉटरजेटची अडचण इथेच सुरू होते. 1979 च्या सुमारास मोहम्मद हाशिश यांनी पाण्याच्या धारेत अपघर्षक कण मिसळण्याचं काम हाती घेतलं आणि पाण्याने पोलाद कापता येऊ लागलं. सुमारे 4000 बार दाबाची धार गार्नेटची वाळू घेऊन आवाजाच्या दुपटीहून अधिक वेगाने सुटते. उष्णता जवळजवळ नाहीच, म्हणून कडक केलेल्या पोलादाचा कडकपणा शाबूत राहतो. पण आर्क नाही, त्यामुळे व्होल्टेज मोजता येत नाही. सगळीकडे पाणी असल्याने विद्युतक्षेत्रावर भरवसा ठेवता येत नाही, आणि तुषारांत प्रकाशाचा किरणही आंधळा होतो. म्हणून अनेक यंत्रांत पत्र्याला टेकणारा प्रोब किंवा नोझलभोवतीची कडी असते. दोन-तीन मिलिमीटरचं अंतर त्याच्यावर सोपवलेलं असतं, आणि त्याला काम करावं लागतं ते नेमकं चिखलात.

गार्नेटचा बारीक गाळ प्रोबच्या दांड्याच्या फटीत शिरतो. रात्रभर यंत्र बंद राहिलं की तो वाळून घट्ट बसतो, त्यावर बोअरच्या जड पाण्याचे क्षार चढतात. सकाळी प्रोब वर अडकलेला असेल, तर यंत्राला पत्रा जवळ आल्यासारखा वाटतो, ते डोकं उचलतं आणि काप रुंद, तिरका होतो. खाली अडकला असेल, तर पत्रा लांब आहे समजून डोकं खाली येतं आणि कार्बाइडची नोझल जॉबवर आदळते. दोन्ही वेळा ठपका सेन्सरवर येतो, पण त्याला गाळात ठेवलं ते आपणच.

सपाट पत्र्याला सेन्सरची गरजच काय, असं विचारलं जातं. पण पत्रा ज्या पट्ट्यांवर ठेवतो त्या धारेनेच खाल्लेल्या असतात. त्यात कापताना सुटलेला छोटा तुकडा उभा राहिला की सपाटपणाचा हिशोब संपलाच. दुसरा आक्षेप वेळेचा: सफाईला यंत्र थांबवायचं कशासाठी? एका आदळलेल्या नोझलने आणि बिघडलेल्या महाग प्लेटने बुडालेला वेळ हिशोबात धरला, तर शिफ्टअखेरची स्वच्छ पाण्याची धुवणी स्वस्तच पडते. कापताना प्रोब सतत टेकलेलाच हवा, या आग्रहाशी मात्र मी सहमत नाही. धार आरपार जाईपर्यंत गार्नेट सरळ उलट वर उडतो, म्हणून भोक पाडण्याआधी मोजावं आणि प्रोब वर उचलून घ्यावा. लांब कापात पत्रा वाकण्याची भीती असेल तर मधूनमधून थांबून पुन्हा मोजावं. दांड्यावर रबरी घडीचं आवरण असावं, त्यात कोरडी हवा हलक्या दाबाने सोडावी, म्हणजे गाळ आत येण्याऐवजी बाहेर ढकलला जातो. इथे हवा कोरडी असणं फार महत्त्वाचं. कॉम्प्रेसरचं पाणी लाइनमधून आलं, तर ज्या ओलीपासून सेन्सर वाचवायचा तीच ओल आपल्या हाताने त्याच्या आत सोडल्यासारखं होतं.