गझ्झल : घशातून गटारात, गटारातून मोटारीत

‘गझ्झल’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ हावरटासारखे घटाघटा पिणे, ढोसणे. (आपल्या गझलेशी त्याचा काहीही संबंध नाही.) पेय दारूच असले पाहिजे असे नाही. उन्हातून खेळून आलेल्या मुलाने तांब्याभर पाणी एका दमात संपवले, तर त्यालाही हाच शब्द लागतो. मात्र चव घेत, थांबत थांबत पिणाऱ्याला तो कधीच लागत नाही. वेग, भरपूर प्रमाण आणि सुटलेला संयम या तिन्ही गोष्टी त्यात गृहीत आहेत.

हा शब्द इंग्रजी लिखाणात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो. त्याच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार तो जुन्या फ्रेंचमधल्या ‘गोझिये’, म्हणजे घसा, या शब्दाच्या कुळातला आहे. हे कूळ आणखी मागे नेल्यास उत्तरकालीन लॅटिनमधला गालांसाठीचा एक शब्द लागतो आणि त्याच्याही मागे रोमनपूर्व फ्रान्समधली गॉलिश भाषा असावी, असे मानले जाते. दुसऱ्या मतानुसार हा शब्द निव्वळ ध्वनीवरून घडला, जसे मराठीत घटाघटा, गटागटा. ही दोन मते एकमेकांना छेदत नाहीत. फ्रेंचमधून आलेला शब्द कानाला पिण्याच्या आवाजासारखा लागला, म्हणूनच तो इंग्रजीत टिकला असण्याची शक्यता बरीच आहे.

शब्दाचा संबंध सुरुवातीला केवळ पिण्याशी नव्हता. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५च्या सुप्रसिद्ध कोशात अन्न अधाशीपणे गिळणेही याच शब्दात मोडते. नामरूपातल्या ‘गझ्झल’चा एक जुना अर्थ तर गटार किंवा पाण्याचा पाट असा होता. अर्थाची ही उडी समजायला सोपी आहे : जे येईल ते न थांबता खाली नेणारी वाट म्हणजे घसा, आणि गटारही तेच करते.

याच घरातले आणखी दोन शब्द पाहण्यासारखे आहेत. ‘स्विल’चा मूळ अर्थ खळबळून धुणे. स्वयंपाकघरातल्या धुवणाला आणि खरकट्याला, म्हणजे डुकरांपुढे ओतल्या जाणाऱ्या आंबोणाला, हेच नाव पडले, त्यामुळे माणसाच्या पिण्याला तो शब्द वापरला की त्यात किळस येतेच. ‘कराउझ’ हा जर्मन ‘गार आउस’वरून आला. त्याचा अर्थ ‘पुरते संपव’, म्हणजे पेला तळापर्यंत रिकामा कर. त्यात मैफलीचा उत्साह आहे. ‘गझ्झल’मध्ये पिणारा एकटा असला तरी चालते.

विसाव्या शतकात शब्दाने माणूस सोडून यंत्र धरले. भरमसाट पेट्रोल पिणाऱ्या अमेरिकी मोटारींना ‘गॅस गझ्झलर’ म्हटले जाऊ लागले. १९७३च्या तेलटंचाईनंतर ही शिवी घरोघरी पोहोचली, आणि १९७८च्या ऊर्जा-कर कायद्यातून तिने चक्क करसंहितेत जागा मिळवली. १९८०च्या मॉडेलांपासून हा कर लागू झाला. पुढे त्याची मर्यादा गॅलनला साडेबावीस मैलांवर, म्हणजे लिटरला सुमारे साडेनऊ किलोमीटरवर, आली. त्याहून कमी मायलेज देणाऱ्या नव्या मोटारीवर १००० ते ७७०० डॉलर भरावे लागतात. हा भार उत्पादकावर किंवा आयातदारावर असतो. पिकअप ट्रक, मिनिव्हॅन आणि एसयूव्ही मात्र यातून वगळलेल्या आहेत, कारण कायदा झाला तेव्हा घरगुती वापरात त्या फारशा नव्हत्या. आज अमेरिकेच्या रस्त्यांवर त्याच गाड्यांची गर्दी आहे. नाव इतके नेमके, पण ज्यांना ते सर्वाधिक शोभते त्यांच्यापैकी अनेकांना ते कायद्याने लागतच नाही, ही खटकणारी गोष्ट आहे.

अमेरिकेच्याच पश्चिमेकडील वाळवंटात मात्र ‘गझ्झलर’ निंदेतून पूर्ण मुक्त झाला आहे. तिथे ते वन्यजीवांसाठीच्या पाणवठ्याचे नाव आहे. १९४०च्या दशकात कॅलिफोर्नियात लाव्यांसारख्या पक्ष्यांसाठी हे बांधायला सुरुवात झाली. उतारावर काँक्रीटचे पसरट अंगण, त्याच्या खालच्या टोकाला जमिनीत पुरलेली झाकलेली टाकी, आणि टाकीत उतरणारा रॅम्प. पावसाचे पाणी अंगणावरून टाकीत जमते. ऊन न लागल्याने ते कमी उडते, आणि पातळी खाली गेली तरी पक्षी रॅम्पवरून चालत पाण्यापर्यंत पोहोचतो. मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांसाठीही नंतर असे मोठे गझ्झलर बांधले गेले.