मरणशय्येवरचा कृपण
ख्रिस्ती परंपरेतील सात महापातकांपैकी एक असलेला लोभ युरोपीय प्रबोधनकाळात अनेकांनी चितारला. परंतु नेदरलँड्सचा चित्रकार हिएरोनिमस बॉश (मृत्यू १५१६) याच्या ‘मृत्यू आणि कृपण’ या चित्राइतका भेदक आविष्कार क्वचितच आढळतो. दारातून मृत्यू बाण घेऊन आत येत आहे, देवदूत खिडकीतील क्रूसाकडे, म्हणजेच तारणाकडे, लक्ष वेधत आहे, आणि तरीही मरणासन्न माणसाचा हात सैतानाने पुढे केलेल्या थैलीकडे वळतो. पलंगाच्या पायथ्याशी एक वृद्ध, बहुधा हाच कृपण धडधाकट असतानाचा, जपमाळ न सोडता पेटीत नाणी टाकतो. भक्ती आणि संचय एकाच देहात नांदवणारा हा तपशील चित्राचा खरा गाभा होय. त्याचा अंतिम कौल मात्र बॉशने हेतुपुरस्सर अनिर्णित ठेवला आहे.