सिव्हर्ट नेमके काय मोजतो?

२०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा बातम्यांत बेकरेल, ग्रे आणि सिव्हर्ट ही एकके सतत येत होती. तिन्ही किरणोत्साराचीच, पण प्रत्येकाचे मोजमाप वेगळे.

सेकंदाला किती अणुकेंद्रकांचा ऱ्हास होतो, हे बेकरेल सांगतो. आपल्याच शरीरातल्या पोटॅशियम-४० मुळे हा आकडा चार हजारांच्या आसपास असतो. तेव्हा नुसत्या बेकरेलवरून धोका ठरत नाही. ग्रे मोजतो शोषलेली ऊर्जा: एक किलो ऊतीत एक ज्यूल, म्हणजे एक ग्रे.

मात्र तेवढ्याच ऊर्जेने होणारी इजा सारखी नसते. अल्फा कण कातडीपाशीच अडतात. पण रेडॉन वायू श्वासावाटे आत गेला, तर त्याच्या ऱ्हासातून निघालेले अल्फा कण सारी ऊर्जा अगदी थोड्या अंतरात ओततात आणि पेशीतला डीएनए तोडतात. म्हणून अल्फासाठी ग्रेला २० ने गुणतात, क्ष-किरण व गॅमासाठी १ ने. मग कोणता अवयव किती संवेदनशील, तेही हिशोबात धरतात. यातून मिळते ती सिव्हर्टमधली मात्रा. स्वीडनचे भौतिकशास्त्रज्ञ रोल्फ सिव्हर्ट यांचे नाव या एककाला दिले आहे.

व्यवहारात मिलिसिव्हर्ट वापरतात. माती, खडक, अंतराळ आणि अन्न यांतून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीच्या एका क्ष-किरण तपासणीत ०.१ किंवा त्याहूनही कमी, तर पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये दहाच्या आसपास. क्ष-किरण विभागातले तंत्रज्ञ छातीवर जो टीएलडी बॅज लावतात, तो त्यांच्या मात्रेचा हिशोब ठेवतो. भारतात अशा कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांची सरासरी मर्यादा वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे.

सिव्हर्टचा मुख्य उपयोग कर्करोगासारखा दूरचा धोका अजमावण्यासाठी. थोड्या वेळात प्रचंड मात्रा मिळून होणारी तातडीची इजा ग्रेमध्येच सांगतात.

‘तासाला पाच मायक्रोसिव्हर्ट’ हा दर झाला. माणूस तिथे किती तास होता हे कळल्याशिवाय मात्रा कळत नाही. म्हणून किरणोत्साराच्या बातमीत एकक आणि कालावधी दोन्ही छापलेच पाहिजेत. रुग्णानेही सीटी स्कॅनला घाबरून नकार देऊ नये. तो का हवा आणि सोनोग्राफीने भागेल का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे.