अंधाऱ्या खोलींतील घरगुती कुंडी

परदेशी यंत्राची वाट न पाहतां साधन आपल्या हातानें घडवावें, ही कोल्हापूरची जुनी परंपरा आहे. आनंदराव व बाबूराव पेंटर यांनीं चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनविण्याचा ध्यास घेतला. १९१६ सालीं आनंदराव निवर्तले. तरी बाबूरावांनीं शिष्य दामले यांच्या साह्यानें तो पुरा केला, आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. परंतु कॅमेऱ्यानें टिपलेलें चित्र डोळ्यांस दिसूं लागतें तें अंधाऱ्या खोलींतील रसायनांत. आजही हौसेनें कागदावर छायाचित्रें उतरविणाऱ्यांस त्या खोलींतील एक साधन घरीं करतां येईल. तें म्हणजे थाळ्या ठेवण्याची उथळ कुंडी.

नहाणीची मोरी यासाठीं कां पुरत नाहीं? वाकून काम करतांना थाळी हिंदकळते, आणि चित्र पक्कें करणाऱ्या हायपोचे थेंब चित्र उमटविणाऱ्या डेव्हलपरमध्यें पडून तो बिघडतो. म्हणून कुंडी कमरेइतक्या उंचीवर असावी आणि थाळ्या तींत क्रमानें मांडाव्या.

८ बाय १० इंच कागदाच्या चार थाळ्यांस ५ फूट लांब, २ फूट रुंद व ६ इंच खोल पेटी पुरते. ती पाण्यांत न फुगणाऱ्या प्लायवुडची करून तळास निचऱ्याकडे दर फुटास पाव इंच उतार द्यावा. आंतून कांचतंतूंचें कापड व इपॉक्सी राळ यांचे थर द्यावे. ते पूर्ण वाळल्याखेरीज पाणी सोडूं नये. जस्ताचा पत्रा वापरूं नये. वापरलेल्या हायपोंतील चांदी जस्तावर बसते व पत्रा झिजतो. तांब्याचा अंश डेव्हलपरमध्यें गेल्यास चित्र धुरकटतें. यास्तव नळी प्लास्टिकची घ्यावी. थाळ्या समतल राहण्यासाठीं खालीं लांकडी पट्ट्यांची चौकट ठेवावी.

निचऱ्याच्या भोंकांत ३ इंची उभी नळी बसविली, कीं पाणी तेवढेंच सांचतें व अधिक वाहून जातें. चैत्र-वैशाखांत या थंड पाण्यांत थाळी ठेवून डेव्हलपर २० अंशांच्या आसपास राखतां येतो.

वापरलेला हायपो मात्र कुंडींत ओतूं नये. त्यांतील चांदी नाल्यावाटे पंचगंगेस पोंचूं न देतां तो डब्यांत साठवून चांदी काढणाऱ्याकडे द्यावा. शेवटीं छायाचित्र वाहत्या पाण्यांत भरपूर धुवावें. कागदांत उरलेला हायपो कालांतरानें तें पिवळें पाडतो. नातवंडांनीं आजोबांचा चेहरा स्पष्ट पाहावा, अशी इच्छा असेल, तर कॅमेऱ्याइतकीच काळजी या कुंडीची घेतली पाहिजे.