आधी हात, मग साइट

४ सप्टेंबर २०२१. टोकियोच्या वेशीवरच्या असाका रेंजवर पॅरालिम्पिकमधल्या ५० मीटर मिश्र पिस्तूल प्रकाराची अंतिम फेरी सुरू आहे. फरिदाबादचा १९ वर्षांचा मनीष नरवाल डाव्या हाताने नेम धरतो, कारण उजवा हात जन्मापासून अधू आहे. फेरी संपते तेव्हा २१८.२ गुणांसह सुवर्णपदक त्याचे असते. रौप्यही फरिदाबादलाच जाते. ते मिळवणाऱ्या सिंहराज अधाना यांना लहानपणी पोलिओ झालेला. त्यांचे गुण २१६.७. दोघांच्या पिस्तुलांवर ना दुर्बीण, ना लेझर, ना लाल ठिपका. पुढे एक काळी उभी पट्टी आणि मागे एक चौकोनी खाच, एवढीच सामग्री.

या पट्टीला नेमबाज फ्रंट साइट म्हणतात आणि खाच असलेल्या भागाला रिअर साइट. पट्टी खाचेच्या बरोबर मध्ये, दोन्हींचे माथे एका रेषेत आणि दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी फट, अशी जुळणी झाली की नेम तयार. शरीराने पूर्ण धडधाकट असलेल्या माणसालाही ही जुळणी टिकवताना घाम फुटतो. मग ज्याचा हात थरथरतो, खांदा लवकर थकतो, मनगट वळत नाही किंवा चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे झाले आहे, त्याने काय करायचे? पहिला विचार मनात येतो तो महागडी, ‘चांगली’ साइट आणून बसवण्याचा. जाणकार प्रशिक्षक मात्र त्या दुकानाकडे सर्वांत शेवटी वळतात.

त्याचे एक कारण नियमांत आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तूल प्रकारांत फक्त उघड्या साइट चालतात. आरसा, भिंग, दुर्बीण, लेझर, विजेवर चालणारा ठिपका हे सारे वर्ज्य. दिव्यांगांच्या स्पर्धाही याच चौकटीत होतात. त्यांच्या एसएच-१ गटात शस्त्राचे वजन स्वतः पेलू शकणारे खेळाडू येतात. ज्यांना स्टँडचा आधार लागतो त्यांच्यासाठी एसएच-२ हा गट आहे, पण तो रायफलीपुरताच. पिस्तूल एकाच हातात धरायचे आणि मनगट मोकळे दिसले पाहिजे, यातून सुटका नाही.

रायफलवाल्यांचे नशीब याबाबतीत थोडे बरे. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे असे नेमबाज देणाऱ्या कोल्हापूरच्या मातीतल्याच स्वरूप उन्हाळकर यांनी टोकियोत १० मीटर एअर रायफलच्या एसएच-१ प्रकारात चौथा क्रमांक मिळवला. पदक एका पायरीने हुकले. रायफलीला मागे बारीक छिद्राची डायॉप्टर साइट असते. छिद्रातून पाहिले की डोळ्यात शिरणारा उजेड आवळला जातो आणि जवळचे व दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. दृष्टिबाधितांच्या रायफल प्रकारात तर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा लक्ष्याचा वेध घेते आणि नेम मध्याजवळ सरकला की कानातला आवाज चढत जातो. पिस्तुलाला यातले काहीच मिळत नाही. त्यामुळे तिथे मिलिमीटरचा हिशेब स्वतःलाच करावा लागतो.

तो हिशेब शाळेतल्या भूमितीएवढाच आहे. एअर पिस्तुलाचे लक्ष्य १० मीटरवर असते. त्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने दूर. दोन्ही साइटमधले अंतर ३५० मिलिमीटर धरले आणि पुढची पट्टी खाचेत एक मिलिमीटर सरकली, तर छर्रा लक्ष्यावर जवळजवळ २९ मिलिमीटर भरकटतो. म्हणजे साडेतीन वर्तुळे गेली. याउलट जुळणी न मोडता सबंध हातच तीन मिलिमीटर हलला, तर छर्राही तेवढाच, तीन मिलिमीटर हलतो. हात थरथरणाऱ्या माणसाला धीर देणारी गोष्ट हीच. थरथर एकवेळ परवडते, दोन साइटची फारकत परवडत नाही.

आता हे सूत्र शरीराला लावून पाहू.

ज्याच्या पायांत किंवा कमरेखाली अधूपणा आहे, त्याची साइट बहुधा बदलावी लागत नाही. बदलावा लागतो तो आधार. जबलपूरची रुबिना फ्रान्सिस पायांतला दोष घेऊन खेळते आणि पॅरिसमध्ये २०२४ साली तिने महिलांच्या १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळवले. बसून खेळणाऱ्यांसाठी खुर्चीची उंची, टेबलाची कड आणि पाठीचा टेका महत्त्वाचा. टेका किती उंच चालेल हे वैद्यकीय वर्गीकरणात ठरते. बैठक बदलली की मान आणि खांद्याचा कोन बदलतो आणि छर्रे दुसरीकडे पडू लागतात. म्हणून व्हीलचेअरवरच्या नेमबाजाची साइट दुसऱ्या कोणी उभ्याने लावून दिली, तर ती पुन्हा लावावी लागणार हे ठरलेलेच.

हाताचा दोष असेल तर पहिली शंका मुठीवर घ्यावी. तपासणी सोपी आहे. रिकामे पिस्तूल हातात नीट बसवायचे, डोळे मिटून हात नेमाच्या उंचीला न्यायचा आणि मग डोळे उघडायचे. पट्टी खाचेच्या मध्ये दिसली तर मूठ बरोबर. ती दरवेळी वर, खाली किंवा एका बाजूला दिसली, तर मूठ मनगटाशी भांडते आहे. अशक्त मनगट एखाददुसऱ्या फैरीपुरते ते भांडण झाकते. साठाव्या फैरीपर्यंत ते उघडे पडतेच. चांगल्या स्पर्धा-पिस्तुलांत मुठीचा कोन बदलता येतो आणि तळव्याखालची फळी वरखाली करता येते. जर्मनीच्या रिंक किंवा निल यांच्यासारखे कारागीर हाताच्या मापाने अक्रोडाच्या मुठी घडवतात. डाव्या हाताची मूठ वेगळी मागवावी लागते. बोटे अर्धवट असतील तर लाकूड तासून किंवा लांबी भरून घेऊन मूठ त्या हातापुरती करता येते. हंगेरीच्या कारोली ताकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात निकामी झाला. त्यांनी डावा हात तयार केला आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिम्पिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूलचे सुवर्ण जिंकले.

खांदा कमजोर असेल तर प्रश्न वजनाचा. एअर पिस्तुलाला १५०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे, पण तितके जड घ्यायची सक्ती नाही. आखूड, हलके मॉडेल घेतले की दोन साइटमधले अंतरही घटते. अंतर घटल्याने चूक थोडी जास्त वाढून लक्ष्यावर पोहोचते, हे खरे. पण डोळ्यांसमोरची पट्टी कमी नाचते, नेमबाज घाबराघुबरा होऊन ट्रिगर झटकत नाही आणि हात शेवटपर्यंत टिकतो. त्यामुळे अनेकांना हा सौदा फायद्याचा ठरतो.

हात आखूड असेल किंवा कोपर पूर्ण सरळ होत नसेल, तर खरोखरच साइट बदलण्याची वेळ येते. समजा, सरळ हाताने धरल्यावर रिअर साइट डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर आणि फ्रंट साइट ९५ सेंटिमीटरवर आहे. साडेचार मिलिमीटर रुंदीची पट्टी चार मिलिमीटरच्या खाचेत दोन्ही बाजूंना सुमारे ०.६ मिलिमीटर उजेड ठेवते. तेच पिस्तूल वाकलेल्या कोपरामुळे २० सेंटिमीटर जवळ आले, तर उजेडाची फट ०.८ मिलिमीटर होते. पट्टी खाचेत पोहल्यासारखी दिसते आणि मध्य कुठला ते ठरेनासे होते. उपाय दोन: खाच रुंद-अरुंद करणारा स्क्रू असल्यास ती आवळायची किंवा जास्त रुंद पट्टी बसवायची. बहुतेक स्पर्धा-पिस्तुलांना वेगवेगळ्या रुंदीच्या पट्ट्या मिळतात आणि सगळ्या सुट्या भागांत हीच खरेदी सर्वांत स्वस्त पडते.

राहिले डोळे. हिऱ्याला पैलू पाडणारे किंवा भरतकामाच्या यंत्रावर बसणारे लोक चाळिशीनंतर जवळचा चष्मा लावतात. तो चष्मा साधारण ४० सेंटिमीटरसाठी असतो. फ्रंट साइट त्याच्या दुपटीहून लांब. त्यामुळे वाचायचा चष्मा लावला की पट्टी धूसर, काढला तरी धूसर. अशा वेळी साइट बदलून काहीच साधत नाही. नेमाच्या पवित्र्यात उभे राहून किंवा बसून डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचे अंतर टेपने मोजायचे आणि तो आकडा चष्मेवाल्याला सांगायचा. लांबचा जो नंबर असेल त्यात साधारण अर्धा ते पाऊण प्लस मिळवला की पट्टी काळी, रेखीव दिसते आणि लक्ष्य किंचित धूसर राहते. ते तसेच हवे असते.

पॅरिस २०२४ च्या वेळी दोन छायाचित्रे जगभर फिरली. दक्षिण कोरियाच्या किम येजीच्या डोळ्यांवर यंत्रासारखा चष्मा होता, तर तुर्कस्तानचे ५१ वर्षांचे युसुफ दिकेच रोजचा साधा चष्मा लावून, दोन्ही डोळे उघडे ठेवून उभे होते. दोघांनीही रौप्य नेले. त्या यंत्रासारख्या चष्म्यात नेमाच्या डोळ्यासमोर भिंग आणि लहानमोठे होणारे छिद्र असते. रायफलवाल्यांना साइटमध्ये मिळणारा छिद्राचा फायदा पिस्तूलवाल्याने चष्म्यावर घेतला तर चालतो. पिस्तुलावर चढवला तर नियमभंग. दुसऱ्या डोळ्यासमोर झापड लावता येते, फक्त तिची रुंदी ३० मिलिमीटरपर्यंत हवी. ज्याचा चालता हात डावा आणि प्रभावी डोळा उजवा, अशा नेमबाजालाही मान किंचित वळवून आणि ही झापड लावून बरेच सावरता येते.

लाल ठिपक्याची साइट डोळ्यांना सोपी असते, यात वाद नाही. पट्टी, खाच आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवर नजर नाचवावी लागत नाही. ज्या खेळप्रकारांत ती चालते तिथे वयस्कर नेमबाज तिच्याकडे वळतातही. पण डोळ्याच्या बुबुळाला वक्रतेचा दोष असेल तर ठिपका फुटल्यासारखा, चांदणीसारखा दिसतो. म्हणून विकत घेण्याआधी एकदा तिच्यातून पाहावे.

एवढे झाल्यावर बसवण्याचे काम. आधी छर्रा काढलेला, नळी रिकामी आणि तिच्यातून रंगीत सेफ्टी फ्लॅग आरपार गेलेला. पिस्तूल रबरी गाद्यांच्या शिकंजात पकडले की एका हाताने काम करणाऱ्यालाही मोकळीक मिळते. पकड कमी असेल तर बारीक ॲलन-कीऐवजी टी आकाराच्या मुठीची घ्यावी आणि स्क्रू चुंबकी ताटलीत ठेवावेत. जुनी पट्टी काढण्यापूर्वी रिअर साइट कुठल्या खुणेवर होती ते लिहून ठेवावे. साइट खोबणीत घट्ट बसणारी असेल तर ती पितळी दांड्याने हळूहळू ठोकून सरकवायची. पोलादी दांडा धातूवर ओरखडे काढतो. स्क्रूवर मळसूत्र-गोंद लावायचाच असेल तर निळा. लाल रंगाचा गोंद तापवल्याशिवाय सुटत नाही.

मग नेम जुळवणे. हे काम स्वतःच्या बैठकीतच करायचे, शिकंजात नव्हे. पाच छर्रे मारून त्यांचा मध्य काढायचा. रिअर साइट छर्रा जिकडे न्यायचा तिकडेच सरकवायची. फ्रंट साइट उलट दिशेला. तीन सेंटिमीटर डावीकडे लागत असेल तर ३० गुणिले ३५० भागिले १०,०००, म्हणजे सुमारे एक मिलिमीटर उजवीकडे. पट्टी चमकत असेल तर आपल्याकडचा जुना उपाय आहेच: कापूर जाळून त्याची काजळी धातूवर धरायची. चकाकी गेली की कडा ठळक दिसतात.

कायद्याची बाजूही पाहून घ्यावी. भारतात ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. १० मीटरचे एअर पिस्तूल या मर्यादेच्या बरेच आत बसते. पॉइंट टू-टू पिस्तुलाला मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना हवा आणि त्याची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यायची. वर्गीकरण आणि राष्ट्रीय स्पर्धांसाठी पॅरालिम्पिक कमिटी ऑफ इंडियाकडे जावे लागते. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीत पहिल्या खेलो इंडिया पॅरा गेम्स झाल्या, तेव्हा त्यांत नेमबाजीही होती.

स्पर्धेआधी उपकरण-तपासणीच्या टेबलावर एअर पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावते का ते पाहतात, वजन करतात आणि ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा भार लागतो की नाही हे तपासतात. नवी मूठ किंवा बाहेर डोकावणारी रिअर साइट बसवलेली असेल, तर हे माप घरीच पुठ्ठ्याच्या पेटीत घेऊन ठेवावे. पेटीत न मावणाऱ्या पिस्तुलावर नेम कितीही छान जुळलेला असला, तरी ते खेळाच्या रेषेपर्यंत पोहोचत नाही.