जंजिऱ्याच्या आड राहिलेली कुड्याची लेणी

नवी दिल्ली : रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान समुद्रालगत स्पेरलोंगा नावाचे एक जुने गाव आहे. पांढरी घरे, वाळूचा लांब किनारा आणि किनाऱ्याच्या टोकाला एक प्रशस्त गुहा, असे त्याचे रूप आहे. गावाचे नावच गुहेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून पडले. रोमन सम्राट तिबेरियस याने या गुहेत भोजनशाळा केली होती. इ. स. २६ मध्ये मेजवानी चालू असताना वरचे दगड कोसळले आणि सम्राट थोडक्यात बचावला, असे इतिहासकार टॅसिटसने नोंदवले आहे. युरोपच्या सहलीवर जाणारे भारतीय प्रवासी आता अशा लहान गावांकडेही वळू लागले आहेत. किनारा, इतिहास आणि गुहा ही तिन्ही एकाच फेरीत पाहायला मिळतात, हे त्यामागचे मुख्य कारण.

ही तिन्ही महाराष्ट्रातही एका फेरीत पाहता येतात. रायगड जिल्ह्यातील मुरूड आणि त्याच्या पाठीशी आत शिरलेली राजपुरीची खाडी हे ते ठिकाण. खाडीच्या मुखाशी जंजिरा आहे आणि आतल्या अंगाला, तळा तालुक्यात, कुड्याची लेणी आहेत. जंजिऱ्याला गर्दी लोटते. कुड्याला मात्र अनेकदा वाऱ्याखेरीज कोणी नसते. मुरूडहून हे अंतर वीस-पंचवीस किलोमीटरच आहे, हे लक्षात घेतले तर ही तफावत खटकते.

जंजिऱ्याची कीर्ती अर्थात सार्थ आहे. ‘जझीरा’ या बेटवाचक अरबी शब्दाचे मराठी जिभेवर जंजिरा झाले. पंधराव्या शतकात येथील कोळ्यांनी चाचेगिरीपासून बचाव व्हावा म्हणून बेटावर लाकडी ओंडक्यांचे मेढेकोट उभारले. राम पाटील हा त्यांचा प्रमुख होता. पुढे निजामशाहीच्या पिरमखानाने युक्तीने ते बळकावले आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या जागी दगडी किल्ला उभा राहिला. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी सतराव्या शतकाच्या आरंभापासून येथे स्वतःचे राज्य जमवले आणि ते १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत टिकवले. छत्रपती शिवाजी महाराज, छत्रपती संभाजी महाराज आणि नंतर पेशवे यांपैकी कोणालाही हा किल्ला घेता आला नाही. संभाजी महाराजांनी तर १६८२ मध्ये किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात भराव टाकण्याचे काम आरंभले होते.

शिडाच्या होडीतून राजपुरीच्या धक्क्यावरून निघाल्यावर किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. बुरजांच्या बगलेत तो असा दडवला आहे की, तोफांच्या माऱ्यातून आल्याशिवाय त्याच्यापर्यंत पोहोचता येऊ नये. आत कलाल बांगडी ही अजस्र तोफ आहे आणि चहूकडे खारे पाणी असताना गोड्या पाण्याचे तलाव आहेत. होडीवाले साधारण पाऊण तास देतात. तेवढ्या वेळात तोफा, तलाव आणि पडका वाडा उरकून पर्यटक परततात, मासे जेवतात आणि अलिबागच्या रस्त्याला लागतात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यानंतर जंजिरा त्यात का नाही, असे अनेकांनी विचारले. उत्तर सरळ आहे : ती यादी मराठ्यांच्या दुर्गव्यवस्थेची आहे आणि जंजिरा त्या व्यवस्थेचा प्रतिस्पर्धी होता. रायगड जिल्ह्यातून रायगड आणि खांदेरी हे दोन किल्ले यादीत आहेत. जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी समोरच्या कांसा खडकावर बांधलेला पद्मदुर्गही त्यात नाही, याचे मात्र वाईट वाटते. या किल्ल्याला रसद वेळेवर पोहोचली नाही म्हणून महाराजांनी जानेवारी १६७५ मध्ये प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना पाठवलेले खरमरीत पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. पद्मदुर्गाच्या तटात एक नवल पाहायला मिळते. साडेतीनशे वर्षांच्या लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेले, पण त्यांना जोडणारा चुना जागच्या जागी उभा आहे. त्यामुळे तट मधाच्या पोळ्यासारखा दिसतो.

आता कुडा. मांदाडजवळ एका ठेंगण्या डोंगरात दोन टप्प्यांत २६ लेणी खोदलेली आहेत. त्यांचा काळ साधारणपणे इसवी सनाचे पहिले ते तिसरे शतक. समोर खाडीचे पात्र दिसते. येथे अजिंठ्याची चित्रे नाहीत की वेरूळची भव्यता नाही. कार्ल्याचे कमानदार छतही नाही. चैत्यगृहे सपाट छताची आणि चौकोनी आहेत, स्तूपही साधे आहेत. कुड्याचे वैभव भिंतींवरच्या लेखांत आहे. ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत कोरलेले हे छोटे लेख म्हणजे, आजच्या भाषेत सांगायचे तर, देणगीदारांच्या पाट्या आहेत.

या पाट्यांवर कोण आहे? महाभोज मांदव खंदपालित या स्थानिक सत्ताधीशाचा लेखक, म्हणजे कारकून, शिवभूती आहे. त्याने एक लेणे करवून घेतले. आजच्या सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात त्याचा धाकटा भाऊ, भावाची पत्नी विजया आणि घरातल्या मुलींच्या नावांचीही दाने नोंदलेली आहेत. इतरत्र सोमदेव नावाचा वैद्य आहे, माळी आहेत, व्यापारी आहेत आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी महिक आहे. एका ब्राह्मण उपासकाची पत्नी भायिला आहे. पदुमनिका ही भिक्षुणी आपल्या शिष्यांसह एक लेणे आणि पाण्याचे टाके देते आणि आपली ओळख आईच्या नावाने सांगते. तिची आई नागनिका ही देखील भिक्षुणीच होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रातील फुले विकणाऱ्या माणसाचे नाव आपल्याला माहीत आहे, ही साधी गोष्ट नव्हे. राजांच्या वंशावळी पुष्कळ मिळतात, माळ्याचे नाव क्वचितच मिळते. स्पेरलोंगाची गुहा एका सम्राटाच्या मेजवानीसाठी सजली होती. कुड्याचे लेणे वैद्य, माळी आणि लोहारमालाच्या व्यापाऱ्याच्या पैशातून झाले. दोन्ही जवळपास एकाच काळातील आहेत.

या माणसांकडे पैसा आला कुठून? खाडीतून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या नौकामार्गदर्शिकेत कल्याण आणि चौलनंतर मंदगोरा नावाचे बंदर येते. ते म्हणजे मांदाड, असे काही अभ्यासक मानतात, तर काहींच्या मते ते बाणकोट. वाद मिटलेला नाही, पण या किनाऱ्याचा रोमन जगाशी व्यापार होता याविषयी वाद नाही. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेली मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात मिळाली आहे. घाटावरचा माल खाली उतरून कोकणातील खाड्यांमधून जहाजांवर चढत असे आणि डोंगरातील भिक्षुसंघ त्या वाटांच्या आधाराने उभे राहत.

सहाव्या लेण्याकडे थोडा अधिक वेळ द्यावा. प्रवेशापाशी दगडी हत्ती आहेत आणि आत स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. त्यांच्या शेजारी नंतरच्या काळात, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास, बुद्धप्रतिमा कोरल्या गेल्या. एकाच भिंतीवर दोन काळांतील श्रद्धा शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

जंजिरा आणि कुडा ही दोन्ही केंद्र संरक्षित स्मारके आहेत. त्यांची जबाबदारी दिल्लीतील टिळक मार्गावर मुख्यालय असलेल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. कायद्याने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. अतिक्रमण रोखायला हा कायदा उपयोगी पडतो, खारा वारा आणि कोकणातला पाऊस यांना मात्र तो रोखू शकत नाही. अक्षरांच्या कडा झिजत आहेत. स्पेरलोंगात १९५७ मध्ये रस्ता बांधताना गुहेतील शिल्पांचे हजारो तुकडे सापडले, तेव्हा ते रोमला हलवण्यास गावकऱ्यांनी वाट अडवून विरोध केला. अखेर १९६३ मध्ये गावातच संग्रहालय उघडले. कुड्याचे लेख डोंगराच्या अंगावरच असल्याने ते हलवण्याचा प्रश्न येत नाही. प्रत्येक लेखाशेजारी त्याचा मराठी अर्थ ठळकपणे लावला, तरी येणाऱ्याला त्या भिंतीपुढे पाच मिनिटे थांबावेसे वाटेल. त्याला मोठा खर्चही लागणार नाही.

गावालाही या थांबण्याची गरज आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मुरूड-श्रीवर्धनच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. सुपारीचे नवे झाड उत्पन्न द्यायला कित्येक वर्षे घेते. तोपर्यंत घरगुती खानावळ आणि मुक्कामाची खोली हाच अनेक कुटुंबांचा आधार असतो. पाऊण तासाच्या पर्यटकाकडून त्यांना फारसे काही मिळत नाही.

किनाऱ्याविषयी एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. मुरूडचा समुद्र शांत दिसतो, परंतु १ फेब्रुवारी २०१६ रोजी येथे पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. भरती-ओहोटीची वेळ विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. कोकणात एक जुना हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब ठोकळ आहे. धक्क्यावरच्या कोळ्याचा शब्द त्याहून खात्रीचा.

दिल्लीहून येणाऱ्यांनी मुंबई गाठून अलिबागमार्गे मुरूडला यावे किंवा कोकण रेल्वेने रोहा अथवा माणगावला उतरावे. माणगावकडून येणाऱ्यांना इंदापूर-तळा-मांदाड रस्त्याने कुडा आधी लागते आणि तोच क्रम बरा. पावसाळ्यात, साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. लेणी तेव्हाही पाहता येतात, फक्त पायऱ्या निसरड्या होतात. मुक्काम दोन रात्रींचा ठेवल्यास खोकरीचे सिद्दींचे दगडी मकबरे आणि एके काळी नवाबांची शिकारीची राखीव जागा असलेले फणसाडचे अभयारण्यही पाहून होईल. कुड्याला सकाळी लवकर जावे, तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरे अधिक स्पष्ट दिसतात.